मेलाती वॉर्डातली शांतता

मला आवाज सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सव्वीस वर्षं काढली, तरी नाही. लोक म्हणतात, सवय होते. कसली डोंबलाची सवय!

आमचा मेलाती, म्हणजे मोगरा, वॉर्ड तिसऱ्या वर्गाचा. पुरुषांचा, दहा खाटांचा. खाटा दहा, पण माणसं कधी साठाच्या खाली नसत. इकडे जावा बेटावर माणूस एकटा आजारी पडतच नाही, अख्खं गाव आजारी पडतं. टेम्पो ठरवून, मागे उभ्यानं वीस-पंचवीस जण भरून भेटीला येतात. बरोबर केळीचे घड, चहाचे थर्मास, शेंगदाणे घातलेल्या कुरकुरीत पापड्या. खाटेभोवती कोंडाळं करून बसायचं, आणि पेशंटच्या पोटापासून निघालेली गोष्ट कुणाच्या तरी बकरीच्या बाळंतपणापर्यंत न्यायची. एका खाटेशी कुराणातल्या यासीनचा पाठ चाललेला, दुसरीकडे मोबाइलवर गाणी. जेवणाच्या ट्रॉलीचं एक चाक तर जन्मापासून किंचाळणारं. आणि या सगळ्याच्या वर, दहा बाजूंनी सिस्टरला, म्हणजे मला, हाका. "सुस्तर! सुस्तर!" खाटेजवळची घंटीची बटणं मी रुजू झाले तेव्हाच मेलेली होती. त्यामुळे कुणाच्या सलाइनच्या नळीत रक्त चढलं, की त्याच्या शेजारचे, पलीकडचे, समोरचे, सगळे मिळून बोंब ठोकायचे. मी धावायचे आणि धावताना सगळ्यांना शिव्या घालायचे. ती बोंब हीच आमची घंटी होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दीड वर्षापूर्वी डॉक्टर प्रास्तोवो आमचे संचालक म्हणून आले. तरुण, हुशार, परदेशात शिकलेले. आवाजानं पेशंटची झोप मोडते, रक्तदाब वाढतो, जखम उशिरा भरते, असं त्यांनी आम्हाला पडद्यावर आकडे दाखवून सांगितलं. ते खरंच आहे. आजही मी ते खोटं म्हणणार नाही. मग त्यांनी भिंतीवर एक यंत्र लावलं, आवाज मोजायचं. आकार कानाचा. वॉर्ड शांत असला की कान हिरवा, जरा वाढला की पिवळा, आणि गोंगाट झाला की लालभडक.

नातेवाइकांना मोठी मौज वाटली. "भिंतीला कान असतात म्हणतात ना, हा बघ," एकजण दुसऱ्याला म्हणायचा, आणि त्या हसण्यानंच कान लाल व्हायचा.

मला मात्र जन्मभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं. मी नियम केले. एका पेशंटपाशी एकच माणूस. भेटीचा टेम्पो आला तर दोघादोघांनी आत यायचं. दुपारी एक ते तीन विश्रांती: बोलणं नाही, ट्रॉली नाही, ऑक्सिजनच्या सिलिंडरची ने-आण नाही. आणि खाटेवरून हाक मारायची नाही. काही हवं असेल, तर उठून माझ्या टेबलापाशी यायचं.

चार महिन्यांत आवाजाचा आकडा चौऱ्याहत्तरवरून एकावन्नवर आला. दुपारी टाचणी पडली तर ऐकू यावी असा माझा वॉर्ड झाला. दुसऱ्या वॉर्डांतल्या नर्सा बघायला यायच्या. "बू कुस, काय जादूटोणा केलात हो?" असं विचारायच्या; बू म्हणजे बाई, आणि कुस माझं नाव. मी म्हणायचे, "जादू नाही, डोळे वटारायचे." खरं सांगते, मला गर्व झाला होता. नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी माझं नाव घेत होतं. प्रांतातल्या 'शांत वॉर्ड' स्पर्धेला आमचं नाव गेलं, तेव्हा तर मी अंतराळीच होते.

त्याच सुमारास म्बाह रेजो सहा नंबरच्या खाटेवर आले. म्बाह म्हणजे आजोबा, आणि आजीलाही तेच म्हणतात.

कौलं भाजणारा माणूस. पन्नास वर्षं भट्टीसमोर बसून धूर गिळलेला. छातीचा पिंजरा झालेला, श्वास घेताना खांदे कानापर्यंत जायचे. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि उशाशी सिलिंडरला जोडलेली पाण्याची बाटली. त्या पाण्यात सारखे बुडबुडे येत असतात. ऑक्सिजन चालू आहे याची तीच खूण. जवळ फक्त त्यांची बायको, म्बाह तुकिनेम. चार फुटांची बाई, नेसूचा बातिक धुऊन धुऊन पांढरा पडलेला. एकुलती एक मुलगी लस्मी, ती समारांगला कपड्यांच्या कारखान्यात.

पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याला ओकारी झाली आणि तुकिनेम म्बाहनं भट्टीवर हाक मारतात तशी खणखणीत हाक मारली. "सुस्तर!" कान लाल. मी तरातरा गेले.

"म्बाह, हा काय बाजार आहे? इथे आणखी नऊ जण पडलेत. त्यांचा जीव जीव नाही का?"

सगळा वॉर्ड बघत होता. म्हातारी लाजेनं एवढीशी झाली. नवऱ्याचं तोंड पुसून झाल्यावर ती उठली आणि कमरेत वाकून एकेका खाटेपाशी गेली. नऊच्या नऊ खाटांपाशी जाऊन तिनं माफी मागितली. मी टेबलामागून ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. शहाण्याला शब्दाचा मार, असं मी मनात म्हटलंसुद्धा. तेव्हापासून ती माझ्याशी कुजबुजूनच बोलायची.

त्या आठवड्यातले आकडे स्पर्धेसाठी धरले जाणार होते. मंगळवारी पाऊण वाजता मी नेहमीसारखी फेरी मारली. सहा नंबरच्या सिलिंडरचा काटा लाल पट्टीला टेकायला आला होता. तेव्हाच बदलायचा. सव्वीस वर्षांत मी हेच करत आले, नव्या मुलींनाही हेच शिकवत आले. पण लोखंडी सिलिंडर गाड्यावर घालून उंबरठ्यावरून आणायचा म्हणजे केवढा खणखणाट! त्याला लागणार वीस मिनिटं, आणि एक वाजायला पंधराच उरलेली. मी काट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि ठरवलं की तीनपर्यंत पुरेल.

पुरेल असं मला वाटलं नव्हतं. पुरावं असं वाटत होतं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो मला माहीत होता.

एक चाळीसला डॉक्टर प्रास्तोवोंचा फोन आला. माझ्याबरोबरची फित्री नमाजाला गेली होती. टेबलापाशी मी एकटी.

"बू कुस, आजचा आकडा?"

"एकोणपन्नास, डॉक."

"काय सांगता! पन्नासच्या खाली? शुक्रवारी समिती येतेय. तुम्हाला दोन शब्द बोलावे लागतील हं."

"मी कसली बोलतेय, डॉक. मला ओरडता येतं फक्त."

ते हसले. मीही हसले, हळूच, तोंडावर हात धरून. तेवढ्यात तुकिनेम म्बाह टेबलासमोर येऊन उभी राहिली. पोटाशी हातावर हात, मान खाली. मोठ्या माणसांसमोर उभं राहायची आमची रीत. मी तिला पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मी तळहात उचलून दाखवला, थांबा. आणि खुर्ची जराशी वळवून घेतली.

समितीत कोण आहे, चहाला काय ठेवायचं, भिंतीवर आधीचे-नंतरचे आकडे मोठ्या अक्षरांत लावायचे का, असं बोलणं चाललं. मोठं माणूस फोनवर असताना मध्ये बोलायचं नसतं. म्हातारीला आईबापांनी तेच शिकवलेलं, आणि वरून मी. ती उभी राहिली. एकदा तिनं पाय बदलला, एवढं मला दिसलं. फोनमधली नोंद मी नंतर पाहिली. बोलणं साडेनऊ मिनिटांचं. ती आली तेव्हा दोन-अडीच मिनिटं झाली असतील. म्हणजे सात.

मी फोन ठेवला. "हं, बोला म्बाह."

"नुवुन सेवू, बू," ती कुजबुजली. हजारदा माफी असावी म्हणून. "बाटलीतलं पाणी उकळायचं थांबलंय."

मी धावले. म्हाताऱ्याचे ओठ जांभळे झालेले, डोळे अर्धे उघडे, एक हात खाटेच्या कठड्यावर. त्या हातानं काहीतरी वाजवावं असंही त्यांना वाटलं नसेल. त्यांनाही मी नियम सांगितलेच होते. मग मी ओरडले, फित्री आली, डॉक्टर आले, सिलिंडर खणखणत आला. हवेचा फुगा दाबून झाला, छाती दाबून झाली. कान लाल झाला आणि पंचवीस मिनिटं लालच राहिला. बाकीचे नऊ पेशंट उठून बसले होते. कुणी तोंडातून ब्र काढला नाही.

दोन वाजून सोळा मिनिटांनी म्बाह रेजो गेले.

मी कागदावर लिहिलं: विश्रांतीच्या वेळेत अचानक श्वास बंद. सगळे शब्द खरे. फित्रीनं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

लस्मी संध्याकाळी पोचली. वयाच्या मानानं थोराड, कारखान्याचाच शर्ट अंगात. बापाच्या अंगावर पडून रडली आणि मग उठून आईसमोर उभी राहिली.

"माक, तू कुठे होतीस?"

मी दोन हातांवर होते. माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की भिंतीवरच्या कानाला ते ऐकू जाईल असं वाटलं.

"इथेच," म्हातारी म्हणाली. "डोळा लागला गं माझा."

"डोळा लागला?"

"तीन रात्री झोप नव्हती. बसल्या बसल्या लागला."

 लस्मीनं आईच्या हातातलं बोचकं घेतलं, आणि त्यानंतर ती आईशी बोललीच नाही. मी तिथे उभी होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. म्हातारीनं मला वाचवलं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. देवाशपथ, त्या क्षणी मला सुटल्यासारखंच वाटलं.

शुक्रवारी समिती आली. ढाल मिळाली. मी दोन शब्द बोलले. लोकांनी हळू टाळ्या वाजवल्या, कान लाल होऊ नये म्हणून, आणि त्यावर सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. त्या आठवड्यात वॉर्डात कुणी कुजबुजलं तरी माझ्यावरच बोलतायत असं वाटायचं. घरी टीव्ही लावून बसायला लागले, मोठ्या आवाजात. नवरा म्हणाला, "तब्येत बरी आहे ना? तुला आवाज चालायला लागला?"

सातव्या दिवसाच्या पाठाला मी काराङजातीला, म्हातारीच्या गावी, गेले. पाठ सूर्यास्तानंतर, पण मी दुपारीच स्कूटर काढली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला म्हातारीशी एकटीशी बोलायचं होतं.

अंगणात शेजारणींचा मेळा जमला होता. कुणी नारळ खवतेय, कुणी तांदळाचे आपेम भाजतेय, कुणी केळीची पानं पुसतेय, सगळ्या एकदम बोलतायत. मला पाहून एकदम उठल्या. "या या, बू कुस! तुकिनेम म्बाहची नर्स आली!" म्हातारीनं अख्ख्या गावात माझं गुणगान केलं होतं. किती शिस्तीच्या, किती धावल्या, घामानं निथळल्या. एकीनं माझा हात धरून कपाळाला लावला. मी तो ओढून घेतला. तिला वाटलं, मी विनयानं ओढला.

लस्मी चुलीपाशी होती. म्हातारी तांदूळ निवडत होती.

"कुणीतरी माकला विचारा," लस्मी एका शेजारणीकडे बघत म्हणाली, "तांदूळ निवडून व्हायचेत, की लागणार आहे डोळा?"

 एकजण म्हणाली, "लस्मी, पुरे की आता. आई आहे ती."

"आई आहे म्हणूनच. परक्या बाईला कशाला विचारू?"

म्हातारी खाली मान घालून खडे वेचत राहिली. मग सूप घेऊन उठली आणि विहिरीकडे गेली. मी मागोमाग गेले.

"म्बाह, तुम्ही असं का सांगितलंत? तुम्ही जाग्या होतात. माझ्यासमोर उभ्या होतात."

"जाऊ द्या हो, बू."

"कसं जाऊ देऊ? ती तुमच्याशी बोलत नाही."

"बोलेल. आपलेच दात, आपलेच ओठ. पोटच्या पोरीचा राग तो, चार महिन्यांनी उतरेल. तुमच्यावर धरला असता तर जन्मभर राहिला असता. वर तक्रार, चौकशी. तुमची नोकरी." तिनं माझ्या दंडावर ओला हात ठेवला. "तुम्ही काय मुद्दाम केलंत का?"

सिलिंडरचा काटा मी पाहिला होता, हे तिला माहीत नव्हतं. ते सांगायलाच मी गेले होते. ओठांवर आलेलं मी गिळलं. म्हटलं, हिनं मनानं मोठेपणा केलाय, आपण तो घ्यावा. किती सहज म्हटलं मी ते!

चहा घेऊन मी निघाले. लस्मी फाटकापर्यंत आली, हातात माझ्यासाठी आपेमची पुडी.

"बू, तुम्ही एवढं केलंत, म्हणून सांगते. उद्या सकाळच्या गाडीनं मी चाललेय. चाळिसाव्या दिवसाच्या पाठाला येणार नाही. हजाराव्याला पण नाही. माकला पैसे पाठवत जाईन, पण तिचं तोंड नाही बघवत मला. बापाकचा, माझ्या बापाचा, श्वास चुकला तरी ती जागी व्हायची, चाळीस वर्षं. आणि नेमकी त्या दिवशी..." 

चार महिन्यांत उतरणारा राग नव्हता हा. म्हातारी चुकली होती. एकाच मुलीची आई होती ती, आणि ती मुलगी उद्या सकाळी जाणार होती.

"लस्मी," मी म्हणाले, "तुझी माक झोपली नव्हती."

माझा आवाज मुळातच मोठा. अंगणातलं खवणं थांबलं.

"ती माझ्या टेबलापाशी आली होती, तुझ्या बापाचा ऑक्सिजन बंद पडलाय सांगायला. मी फोनवर होते. तिला थांब म्हणून खूण केली आणि फोनवर हसत बसले. ती सात मिनिटं उभी होती. सिलिंडर संपत आलाय हेही मला माहीत होतं. आवाज होईल म्हणून मी बदलला नाही. सगळं माझं आहे. तिचं काही नाही."

आता ही माझ्या थोबाडीत देईल, असं मला वाटलं. द्यावी असंच वाटत होतं. दिली असती तर मी घरी जाऊन झोपले असते. पण लस्मीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती वळली. म्हातारी अंगणाच्या मधोमध उभी होती, हातात रिकामं सूप.

"सात मिनिटं? माक?"

"अगं, बू फोनवर होत्या..."

"बापाक तिकडे तडफडत होता आणि तू उभी होतीस? गप्प?"

"मोठ्या माणसाच्या बोलण्यात मध्ये कसं..."

"एक हाक मारायची! माक, तुझी हाक पलीकडच्या भट्टीवर ऐकू जाते!"

म्हातारीच्या हातातून सूप पडलं. मी तिचं तोंड पाहिलं, आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या खोट्यानं तिनं मला वाचवलंच नव्हतं. मी त्यात कुठे नव्हतेच.

"झोप लागली म्हटलं तर माणसं माफ करतात गं," ती म्हणाली. "म्हातारी आहे, दमली असेल, म्हणतात. जागी होते, पायांवर उभी होते, आणि तोंड उघडलं नाही, हे मी कुणाला सांगणार होते?"

ती खाली बसली आणि रडायला लागली. तोंडात पदराचा बोळा कोंबून, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. लस्मी तिच्यापाशी मातीत बसली आणि तो बोळा ओढून काढायला लागली. "रड ना. माक, मोठ्यानं रड ना गं." म्हातारी सोडेना. दोघींची त्या पदरावरून ओढाताण चालली होती.

मला कुणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी स्कूटर सुरू केली. लस्मी दुसऱ्या दिवशी गेली नाही, हे मला पुढे फित्रीकडून कळलं. ते ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मी माझं ओझं उतरवायला गेले होते. म्हातारीनं तिचं झाकून ठेवलेलं, ते चारचौघांत उघडं करून आले.